काचेच्या खाचेतला कापूस

आमच्या मोहल्ल्यात कोणी वारलं की तिरडी बांधून होईपर्यंत लोक आपसात कुजबुजत आणि मग हळूच ग्रेडरसाहेबांच्या तोंडाकडे बघत. माणूस दारातून निघायच्या आत साहेब त्याची कापसासारखी प्रत ठरवणार, हे ठरलेलं होतं. ते हात मागे बांधून उभे राहत, डोळे अर्धे मिटत आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणत, "लांब धाग्याचा माणूस होता. कचरा होता जरासा, पण धागा लांब." एवढं ऐकलं की घरातल्या बायकांना नव्यानं रडू फुटे आणि पुरुषांना मात्र बरं वाटे.

एकदा एका बड्या कंत्राटदाराच्या मयतीला साहेब गेले, उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता परत आले. तेरवी आटोपल्यावर कंत्राटदाराचा मुलगा घरी आला.

"साहेब, सगळ्याइचं बोलता. आमच्या बाबाचंच काहून नाई बोलले?"

साहेबांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बापू, ओला माल होता. ओल्या मालाची ग्रेड देता येत नाई. वजन जास्त दिसते."

मुलगा अर्धा चहा टाकून गेला.

साहेब आयुष्यभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा, उजेडात धागा बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर बंडीवाल्याचं वर्ष ठरे. मी वणीत त्यांचा भाडेकरू झालो तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि कापसाचे ते वाईट दिवस सुरू झाले होते. भाव पडलेला, खरेदी वेळेवर सुरू होईना. तरी शेतकरी पिशवीत मूठभर कापूस घेऊन साहेबांच्या ओसरीवर येत. "जय भीम साहेब. जरा पाहून सांगा तं, माल चांगला हाय ना?" साहेब बघत, सांगत. "सुपर हाय." माणूस समाधानानं उठे. भाव नाही तर नाही, प्रत तरी मिळाली!

मला खोली मिळाली तो प्रसंग सांगायलाच हवा. मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायला आलो होतो. तरुण होतो, अंगात नाटक होतं, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. साहेबांनी नमस्कार घेतला नाही. थेट माझी बाही चिमटीत धरली.

"हे काय हाय?"

"शर्ट."

"शर्ट मलेही दिसते. कापड कोणतं?"

"टेरिकॉट."

"मंग खोली रिकामी नाई."

आतून बाईमाणसाचा आवाज आला. बारीक, थांबत थांबत येणारा. "अहो, खोली कपड्याले देता... का माणसाले?"

"कपड्यावरून माणूस कळते."

"तुमच्यावरून तं... काईच नाई कळलं मले. एवढे वर्षं झाले."

त्या वाक्यावर मला खोली मिळाली. त्या काकू. त्या शब्द मोजून बोलत. स्वभाव तसा होता म्हणून नव्हे, श्वास पुरत नसे म्हणून. सकाळी बुद्धवंदना म्हणताना प्रत्येक ओळीनंतर थांबत, भिंतीला हात लावत, आणि पुढची ओळ पुन्हा पहिल्याच सुरात उचलत. मी खोलीत दाढी करता करता ऐकत असे. त्या थांबल्या की माझा वस्तराही थांबे.

साहेबांचं घर कापसावर चाले. दार वाजू नये म्हणून बिजागरीत कापूस. टेबलाच्या आखूड पायाखाली कापूस. चष्मा पुसायला, कानात घालायला, गांधीलमाशी चावली तर लावायला कापूस. मला पडसं झालं तेव्हा त्यांनी दोन वाती वळून आणल्या आणि नाकात घाला म्हणाले. मी नको म्हटलं तर रागावले. "मास्तर, साप चावते, विंचू चावते, नातेवाईक चावते. कापूस आजवर कोणाले चावला नाई." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते म्हणताना ते छाती अशी पुढे काढत, जणू ते झाड त्यांनीच लावलं होतं.

आणि कोळशाचा मात्र दुस्वास. वणीत राहायचं आणि कोळशाचा दुस्वास करायचा म्हणजे नदीत राहून पाण्याशी भांडण. खाणींकडून येणारे ट्रक गावाच्या अंगाखांद्यावरून जात. वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी करडा होई. साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रकांना हलक्या कापसाच्या प्रती देत. "कवडी! फरतड! कचरा!" ड्रायव्हरला वाटे, म्हातारा हात दाखवून राह्यला, लिफ्ट पाहिजे असन. एकानं तर गाडी थांबवून त्यांना बसायला जागा करून दिली होती.

ह्या दुस्वासाला कारण होतं. काकूंचा दमा कोळशानं केला, असं साहेबांचं ठाम मत. यवतमाळच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावून विचारलं होतं, "बाई, तुम्ही कधी जिनिंगमध्ये होता का?" काकू हो म्हणाल्या. त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघी पोरवयापासून रेच्यावर होत्या. रेचा म्हणजे सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या तोंडात बायकांनी हातानं कापूस घालायचा. लग्नानंतरही काकू ते करत राहिल्या, कारण साहेब तेव्हा शिकत होते. साहेबांची पदवी त्या रेच्यावर झाली. डॉक्टर म्हणाला, "मग हा त्याच धुळीचा त्रास आहे." साहेब जागेवरून उठले. "डॉक्टर, तुमी दवाईतलं सांगा. कापसातलं मले समजते. हे कोळशाचं काम हाय." आणि काकूंना घेऊन बाहेर आले.

आता गाडी. साहेबांकडे एक अँबेसडर होती, कुठल्याशा कचेरीच्या लिलावातली, एकेकाळी पांढरी. तिच्या दारांचं रबर वाळून दगड झालं होतं, काही ठिकाणी गळून पडलं होतं. काच ज्या खाचेतून वरखाली सरकते तिथलं अस्तरही झिजलं होतं. काचा चढवल्या तरी बोट जाईल एवढी फट राही. गाडी चालू लागली की फटींतून शीळ वाजे आणि रस्ता आत येऊन बसे. म्हणून काकू तिच्यात बसत नसत आणि एस.टी.त तर नाहीच.

त्या वर्षी मुकुटबनहून निरोप आला. काकूंची मोठी बहीण तिथं मुलाकडे होती. काकू तिला 'बाई' म्हणत. बाईचा दमा काकूंच्याही पुढचा. तिनं खाट धरली होती. भाच्यानं शेजाऱ्यांकडे फोन करून सांगितलं, "मावशीले म्हणा, बाई आठवण करून राह्यली. येऊन जा एकडाव." दोघींची भेट काही वर्षं झाली नव्हती. फोनवर बोलायचा प्रयत्न केला होता, पण दोन टोकांना दोन दमेकरी. एक बोलायला लागली की दुसरी खोकायची, आणि शेवटी दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या.

काकू एवढंच म्हणाल्या, "मले जा लागते."

साहेबांनी गाडी मुस्ताकभाईंच्या गॅरेजवर नेली. मी सोबत होतोच. असा तमाशा मी सोडतो होय? मुस्ताकभाईंनी दारं उघडून बघितली.

"साहेब, चारही दाराचं रबर बदलून टाका. काचेचे चॅनल नवे. नागपूरहून मागवतो. कोळसा काय, वारासुद्धा आत नाई येनार."

"रबर?" साहेबांनी तो शब्द जिभेवर कडू लागल्यासारखा उच्चारला. "रबर म्हंजे झाडाचा चीक. वास मारते. उन्हात वितळते. माह्या घरी कापूस असताना मी चीक लावू?"

"साहेब, गाडी करून राह्यले का रजई?"

"तू पायत राय."

पुढचे काही दिवस ओसरीवर जे चाललं ते बघायला लोक येऊन बसत. साहेबांनी निवडून लांब धाग्याचा कापूस आणला. धुतलेल्या मांजरपाटाच्या लांब नळ्या शिवून घेतल्या, त्यात वळलेला कापूस ठासला आणि ते दोर दारांच्या कडांना शिवणकाम केल्यासारखे बसवले. काचेच्या खाचांत मोकळा कापूस घालून पेचकसानं दाबला. दाबताना गुणगुणत होते. एवढ्या प्रेमानं काम करताना मी माणूस क्वचित पाहिला आहे. शेवटचं दार लावलं तेव्हा 'धाड' असा आवाज न होता उशीवर डोकं टेकावं तसा झाला. साहेबांनी सगळ्यांकडे वळून बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान किंचित झुकवली.

आम्ही निघालो. साहेब चालवत होते, मी पुढे पाण्याची बाटली आणि काकूंचा दम्याचा पंप धरून, काकू मागे. वणीबाहेर पडलो तसे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली. पुढचं काही दिसेना एवढी काळी धूळ. आणि खरं सांगतो, आत तिचा कणही नव्हता! साहेबांनी पुढच्या फळीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. स्वच्छ. त्यांनी मागे वळून काकूंना दाखवलं.

"पाय! हाय काय कोळसा? हाय?"

काकूंनी मान हलवली. नाही.

ट्रकांची रांग सुटली, रस्ता मोकळा झाला. साहेब आनंदात होते. काच कशी सरकते ते दाखवायला त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, वर केली. "लोण्यासारखी! मास्तर, तुमीही करा." मी केली. काकूंनाही करायला लावली. वर, खाली, वर. सकाळचं ऊन तिरपं होऊन गाडीत येत होतं. त्या उन्हात मला पहिल्यांदा ते दिसलं. बारीक, पांढरे, केसाहून हलके तंतू. काच सरकली की खाचेतून सुटायचे आणि हवेत तरंगायचे. एक झुबका, मग आणखी एक. सगळी गाडी त्यांनी भरली होती आणि फटी इतक्या छान बुजवल्या होत्या की त्यांना बाहेर जायला वाट नव्हती.

काकू खोकू लागल्या. आधी साधं, मग वाकून, मग आवाजच येईना. साहेबांनी गाडी कडेला घेतली. मी पंप दिला. दोघांनी त्यांना धरून बाहेर काढलं आणि रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. मागून पुन्हा ट्रक आले. आमच्या अंगावरून कोळशाची धूळ उडवत एकामागून एक गेले. साहेब काकूंच्या तोंडापुढे आपल्या धोतराचा सोगा धरून उभे होते. काकूंनी तो हळूच बाजूला केला. त्या काळ्या धुळीत, उघड्या रस्त्यावर, त्यांचा श्वास थोडा थोडा परत येत होता.

हे आम्ही तिघांनीही पाहिलं.

बऱ्याच वेळानं काकूंनी गाडीच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं. आत ऊन होतं आणि उन्हात तंतू अजून तरंगत होते.

"मी अन् बाई... रेच्यावर होतो, तवा असंच उडे. खिडकीतून ऊन आलं का... दिसे. आमी म्हणो, दिवसाच्या चांदण्या हायत. तोंड उघडून... झेलो."

"कापूस कोणाचं वाईट करत नाई," साहेब म्हणाले. सवयीनं म्हणाले. छाती पुढे आली नाही.

"त्यानं कायले करावं वाईट?" काकू म्हणाल्या. "पण माह्या छातीत... जाऊन बसला तो. तुमी उगाच कोळशाले शिव्या देल्या... एवढे वर्षं."

साहेब काकूंकडे बघत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर एका ओढीत माल ओळखला, त्याला घरातला हा एक माल ओळखायला म्हातारपण लागलं. नाही, चुकलो. ओळखला त्यांनी डॉक्टरच्या खोलीतच असणार. म्हणून तर ते तसे उठले होते. तसं कबूल केलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला असता, की ती रेच्यावर कोणासाठी होती.

आम्ही परत फिरलो. मुकुटबन त्या दिवशी झालं नाही. काचा खाली ठेवून, सगळा कोळसा अंगावर घेत हळूहळू घरी आलो. शेजाऱ्यांकडे भाच्याचा फोन येऊन गेला होता. बाई सकाळपासून विचारत होती, गाडी आली का म्हणून. जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब अंगणात गाडीजवळ उकिडवे बसले. शेजारी पाण्याची बादली. फडकं ओलं करून खाचेत घालायचे, काकूंच्या केसांतल्या आकड्यानं कोपऱ्यातला तंतू ओढून काढायचे आणि उडू नये म्हणून लगेच बादलीत बुडवायचे. मी मदतीला गेलो.

"तुमी नको, मास्तर. हे माहं काम हाय."

त्या दिवशी पिशवी घेऊन एक शेतकरी आला होता. "साहेब, माल पाहता का जरा?" साहेबांनी मान वर केली नाही. "आज नाई," म्हणाले. तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. साहेबांनी कापूस बघायला नकार दिल्याचं मोहल्ल्यानं पहिल्यांदा ऐकलं.

मुस्ताकभाईंनी गाडी येताना पाहिली आणि लांबूनच ओरडले, "काय साहेब, रजई उसवली वाटते!" मग जवळ आल्यावर साहेबांचा चेहरा दिसला. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा. रबर मागवतोच आजच्या आज."

रबर आलं. साहेबांनी ते नाकाशी धरलं, चिमटीत दाबलं, पण प्रत दिली नाही. मुस्ताकभाईंनी रॉकेलनं कडा पुसून जुना चिकटा खरवडून काढला, सोल्युशन लावलं, ते सुकत येईपर्यंत बिडी ओढली आणि मग बोटाबोटानं रबर दाबत गेले. साहेब मधेच टोक धरून ओढायला लागले.

"अरे, ताणू नका साहेब! ताणलं का दोन दिवसांत आकसते अन् कोपऱ्यात फट पडते. ढिलं सोडा. त्याले त्याच्या जागेवर बसू द्या."

साहेबांनी हात मागे घेतला. कोणाचं ऐकून त्यांनी हात मागे घेतलेला मी तरी तोवर पाहिला नव्हता.

नव्या रबरानं दारं मिटेनात. जोर लावला तर उसळून परत. मुस्ताकभाई म्हणाले, रेटून बंद करून उन्हात ठेवा, रबर दबून जागा धरेल. तेवढे दिवस काकूंचे कान शेजाऱ्यांकडे लागलेले. शेजाऱ्यांचा फोन वाजला की काकू दाराशी येऊन उभ्या राहत. मग परीक्षा. साहेब कागदाची पट्टी दारात धरून दार लावत आणि ओढून बघत. पट्टी निघाली की फट आहे. चारही दारं, सगळे कोपरे. पट्टी कुठंच निघाली नाही. तरी त्यांचं समाधान होईना. स्वतः छत्री उघडून गाडीत बसले आणि मुस्ताकभाईंना काचेवर बादल्या ओतायला लावल्या. सडकेवरचे लोक थांबून बघत होते: भर उन्हात बंद गाडीत एक म्हातारा छत्री धरून ताठ बसला आहे आणि त्याच्यावर पाणी पडतं आहे. मुस्ताकभाईंना हसू आवरेना. साहेब कोरडे बाहेर आले, छत्री मिटली आणि म्हणाले, "उद्या निघू."

या वेळी त्यांनी ट्रकांना एकही प्रत दिली नाही. काचा बंद होत्या. आत कोळसा नाही, तंतू नाही, शीळ नाही. काकू मागे शांत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "बाईले दिसत नाई आता नीट. मले ओळखन ना?" साहेब म्हणाले, "आवाजावरून ओळखन." काकू म्हणाल्या, "आवाज कुठी राह्यला?"

मुकुटबनला भाच्याच्या अंगणात लिंबाच्या सावलीत गाडी लावली. साहेब काकूंना म्हणाले, "मी सांगतो तवा उतर." आम्ही दोघं दारात गेलो आणि तिथंच थांबलो.

घर कापसानं भरलं होतं. भाव वर येईल म्हणून त्या वर्षी सगळ्यांनी कापूस विकलाच नव्हता. तो घरातच रचला होता. बैठकीत, माजघरात, पार आढ्यापर्यंत. माणसं त्याच्या कडेकडेनं राहत होती. भाचा हसत पुढे आला. "या मावसाजी. बरं झालं आले. माल पाहून सांगा जरा, थांबू का विकू?"

साहेब त्याच्यामागे बघत होते. ढीग आणि भिंत यांच्या मधल्या बोळात एक खाट होती. खाटेवर बाई. केसांत, भुवयांवर, पदरावर पांढरे तंतू. ती कुशीवर वळली तसा ढिगाचा एक कोपरा हलला आणि तिच्या अंगावर सांडला.

"हिले इथं काहून ठेवलं?" साहेबांचा आवाज अगदी खाली होता.

"मंग ठेवू कुठी, मावसाजी? सांगा. बाहेर थंडी हाय, घरात कापूस हाय."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं. आतला माल सुपर होता, मलासुद्धा कळत होतं. साहेबांनी त्याला हात लावला नाही.

काकूंना आत नेणं शक्य नव्हतं. एवढ्या लांब येऊन दोघी बहिणी एका भिंतीच्या दोन बाजूंना होत्या. साहेब क्षणभर उभे राहिले आणि मग खाटेशी गेले. "चाल बाई. तुही बहीण गाडीत बसली हाय." भाच्यानं एका बाजूनं धरलं, साहेबांनी दुसऱ्या. अंगणात आणून त्यांनी ओल्या फडक्यानं बाईचे केस पुसले, चेहरा पुसला, पदर झटकायचा नाही म्हणून तोही पुसला. अगदी सावकाश. मग मागचं दार उघडून तिला काकूंशेजारी बसवलं आणि दार रेटून बंद केलं.

बाई पुढचा कापूस फुटेपर्यंत राहिली नाही. ती त्या दोघींची शेवटची भेट.

आम्ही बाहेर उभे होतो. काचेतून दिसत होतं. बाईनं काकूंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग काहीतरी बोलली. काकू बोलल्या. दोघी हसल्यासारख्या वाटल्या, नंतर हसत नव्हत्या. एकीनं दुसरीच्या पाठीवर हात ठेवला आणि खोकला कोणालाच आला नाही. शब्द मात्र एकही बाहेर येत नव्हता. भाचा काचेला कान लावायला गेला, तर साहेबांनी त्याला खांद्याला धरून मागे ओढलं.

थोड्या वेळानं सून चहा घेऊन आली. साहेबांनी काचेवर हलकेच टिचकी मारली. काकूंनी वळून पाहिलं आणि हातानंच सांगितलं, आत्ता नको.

"नको म्हणते," साहेब सुनेला म्हणाले. "घेऊन जा, माय. थंडा झाला तं पुन्हा ठेवजो."

आणि ते त्या दाराला पाठ लावून उभे राहिले, कोणी उघडू नये म्हणून.